काळीची पत्रिका

सातबाऱ्याच्या उताऱ्यावर एक आकडा असतो, ज्याकडे सहसा कोणी बघत नाही. क्षेत्र बघतात, भोगवटादाराचं नाव बघतात, कर्जाचा बोजा तर आधी बघतात. पण 'आकार' या शब्दापुढे दोन रुपये, पावणेतीन रुपये असं काहीतरी लिहिलेलं असतं. हा सरकारला द्यायचा शेतसारा. इतकी किरकोळ रक्कम वसूल करायला तलाठ्याचा पेनही परवडणार नाही, म्हणून आपण ती विनोदाच्या खात्यात टाकतो. तो आकडा मुळात कुठून आला याचा माग काढला, तर महाराष्ट्रातलं पहिलं मोठं माती परीक्षण सापडतं. त्यात रसायन एकही नव्हतं.

पेशवाई गेल्यावर कंपनी सरकारला दख्खनच्या जमिनीवर सारा ठरवायचा होता. रॉबर्ट कीथ प्रिंगल नावाच्या तरुण अधिकाऱ्याने १८२७ च्या सुमारास काम हाती घेतलं. हा इंग्लंडात हेलीबरीला माल्थसच्या हाताखाली शिकलेला, आणि रिकार्डोचा खंडसिद्धांत त्याच्या डोक्यात पक्का. त्याने ठरवलं की प्रत्येक जमिनीचं एकूण उत्पन्न काढायचं, त्यातून लागवडीचा सगळा खर्च वजा करायचा आणि उरलेल्या निव्वळ उत्पन्नाचे ५५ टक्के सरकारने घ्यायचे. कागदावर याच्याइतकं न्याय्य काही नाही. प्रत्यक्षात बैलाचा खर्च किती, घरच्या माणसाची मजुरी किती, दुष्काळी सालाचं काय, यातलं काहीच धड मोजता येईना. मोजणी करणाऱ्या कारकुनांनी लाच खाल्ली ते वेगळंच. सारा भरमसाट बसला आणि इंदापूर भागात लोक जमिनी टाकून निघून गेले. आत गेलेली माहितीच कच्ची असेल तर सूत्र कितीही देखणं असून उपयोग नाही, हे आमच्या धंद्यात पहिल्या वर्षी शिकवतात. प्रिंगलच्या काळात त्याची किंमत दुसऱ्यांनी मोजली.

१८३५ मध्ये त्याच इंदापुरात गोल्डस्मिड आणि वींगेट यांनी नव्याने सुरुवात केली. वींगेट लष्करी इंजिनियर. त्याने उत्पन्नाचा नाद सोडला आणि जमिनीची फक्त एकमेकींशी तुलना करायचं ठरवलं. ही पद्धत १८४७ च्या संयुक्त अहवालात पक्की झाली. नाशिक जिल्ह्यातली पहिली पाहणीही त्याच दशकातली. पद्धत अशी: शेताचे काल्पनिक भाग पाडायचे, प्रत्येक भागात खड्डा खणून मातीची खोली हाताने मोजायची, आणि मातीची प्रत बघायची. काळी, बारीक पोताची पहिली प्रत. जाडसर, फिकट किंवा तांबूस दुसरी. मुरमाड, भुसभुशीत तिसरी. पहिल्या प्रतीची माती पावणेदोन हात खोल असेल तर ती सोळा आणे. खोली कमी होत गेली की चौदा, बारा, दहा असं उतरत शेवटचा नववा वर्ग दोन आण्यांचा. त्यानंतर दोष. चुनखडीच्या गाठी, वाळूचं मिश्रण, उतार, पाणी न मुरणं, पाणी साचणं, पावसात माती वाहून जाण्याचा धोका. प्रत्येक दोषाला नकाशात एक खूण, आणि एका खुणेला जमीन एक वर्ग खाली.

सोळा आणे हा शब्द आपण अजून माणसांना लावतो. इथे तो मातीला लावला होता, तोही पुष्कळ विचार करून. हेतू निव्वळ साऱ्याचा होता, शेतकऱ्याचं भलं व्हावं म्हणून कोणी खड्डे खणले नव्हते. तरी या पाहणीत दोन गोष्टी होत्या ज्या पुढच्या दीडशे वर्षांत हरवल्या: माती किती खोल आहे आणि तिच्यात दगड किती आहेत. सिन्नर तालुक्याचा पूर्व भाग, वावीकडची बाजू, ज्यांनी पाहिली आहे त्यांना या दोन प्रश्नांचं महत्त्व सांगायला नको. वीतभर मातीखाली मुरूम आणि मुरमाखाली काळा पाषाण.

अर्थात वींगेटच्या कारकुनांनी मातीची भाषा शोधून काढली नव्हती, ती इथेच पडलेली होती. काळी, बरड, मुरमाड, पोयट्याची, चुनखडीची, खारवट, चोपण. गावाच्या जुन्या कागदांत तर सगळं जग दोनच मातींत विभागलेलं असतं: काळी म्हणजे शेतं आणि पांढरी म्हणजे वस्ती. पांढरी का, तर पिढ्यान्पिढ्यांची चुलीतली राख, भिंतींची माती, शेण, हाडं साचून गावाखालची जमीन फिकट होते. या पांढरीकडे शेवटी परत यायचं आहे.

इंग्लंडात मात्र त्याच सुमारास माती रसायनशाळेत शिरत होती. लीबिगचं शेतीच्या रसायनावरचं पुस्तक १८४० चं. रॉथॅमस्टेडच्या लॉझने सुपरफॉस्फेटचं पेटंट घेतलं १८४२ मध्ये. पण मला जास्त मोलाची वाटते ती यॉर्कशरमधल्या थॉम्पसन नावाच्या एका जमीनदाराची गंमत. त्याने मातीने भरलेल्या नळीत वरून अमोनियम सल्फेटचं पाणी ओतलं आणि खालून काय गळतं ते पाहिलं. खालून आलं कॅल्शियम सल्फेट, म्हणजे जिप्सम. अमोनिया मातीने ठेवून घेतला होता आणि बदल्यात चुना सोडला होता. रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीचा रसायनतज्ज्ञ टॉमस वे याने यावर पद्धतशीर प्रयोग करून १८५० मध्ये ते मांडले. माती म्हणजे नुसतं भांडं नाही, ती देवघेव करते, असा त्याचा अर्थ. पुढे १८५८ मध्ये आइशहॉर्न या जर्मन संशोधकाने दाखवलं की हीच देवघेव झिओलाइट नावाची खनिजंही करतात. त्याने वापरलेल्या खनिजांत एक होतं चॅबझाइट.

सिन्नरकरांना झिओलाइट शोधायला लांब जावं लागत नाही. माळेगावच्या औद्योगिक वसाहतीत गारगोटी संग्रहालय आहे. काचेच्या पेट्यांत गुलाबी, हिरवे, पांढरेशुभ्र स्फटिक मांडलेले आहेत, शाळांच्या सहली येतात, मुलं मोबाइलवर फोटो काढतात. हे स्फटिक दख्खनच्या लाव्हारसात राहिलेल्या पोकळ्यांत तयार झाले. त्याच बेसाल्टची झीज होऊन जी चिकण माती बनते ती आपली काळी. उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, आणि कॅल्शियम, पोटॅश घट्ट धरून ठेवते. संग्रहालयातला स्फटिक आणि कुंपणाबाहेरचा चिखल यांचा गुण एकच आहे, देवघेवीचा. तिथे हे कोणी लिहून लावलेलं माझ्या तरी पाहण्यात नाही. लावायला हवं.

टॉमस वेनंतर त्या सोसायटीच्या रसायनतज्ज्ञाची जागा ऑगस्टस व्होल्कर यांना मिळाली आणि त्यांच्यानंतर त्यांच्या मुलाला. हा मुलगा, जॉन ऑगस्टस व्होल्कर, १८८९ च्या अखेरीस हिंदुस्थानात आला. वर्षभर फिरला आणि १८९३ मध्ये त्याचा जाडजूड अहवाल छापला गेला. इथल्या शेतकऱ्याला इंग्रजांनी शेती शिकवावी या समजुतीला त्याने सभ्य शब्दांत सुरुंग लावला. चांगला हिंदी शेतकरी सरासरी इंग्रज शेतकऱ्याच्या तोडीचा आहे, अडचण साधनांची आहे, असं त्याचं म्हणणं. शेणाच्या गोवऱ्या जळतात ही त्याच्या मते खरी गळती होती, आणि ती थांबवायची तर आधी सरपणाची झाडं लावा. म्हणजे खताचा प्रश्न त्याने चुलीपर्यंत नेला. आजच्या माती अहवालात 'सेंद्रिय कर्ब कमी' असं जे छापून येतं, त्याची निदान एक कारणमीमांसा तेव्हाच झालेली आहे.

महाराष्ट्रात मातीचं रसायन खऱ्या अर्थाने कामाला लागलं ते मात्र संकटामुळे. नीरेचा डावा कालवा १८८५ मध्ये सुरू झाला. दुष्काळी मुलखात पाणी आलं, पाण्यामागे ऊस आला, आणि काही वर्षांतच बारामतीच्या बाजूला जमिनी पांढऱ्या पडू लागल्या. काळ्या मातीतून पाणी खाली जात नाही. ते साचतं, वर चढतं, उन्हात उडून जातं आणि क्षार मागे ठेवतं. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपल हॅरल्ड मान आणि त्यांचे सहकारी ताम्हणे यांनी या जमिनींचा अभ्यास करून १९१० मध्ये त्यावर पुस्तिका काढली. नुसती खारवट झालेली जमीन आणि चोपण झालेली जमीन यांत शेतकरी जो फरक करत होते, त्याला रसायनात आधार आहे, हे अशा अभ्यासांतून उमगत गेलं. खारवट जमीन निचरा करून, पाण्याने धुऊन काढता येते. चोपण जमिनीत सोडियम मातीच्या कणाला चिकटून बसलेला असतो, तिला जिप्सम द्यावं लागतं. थॉम्पसनच्या नळीतून जिप्सम बाहेर पडलं होतं, इथे ते आत घालायचं, आणि देवघेव उलट्या दिशेने करून घ्यायची.

हे मान विलक्षण गृहस्थ होते. त्यांनी नंतर पुण्याजवळच्या एका खेड्याची घरोघर पाहणी केली आणि १९१७ मध्ये ती छापली. ते खेडं म्हणजे पिंपळे सौदागर. माझ्या पिढीचे निम्मे इंजिनियर आज तिथे सातव्या मजल्यावर भाड्याने राहतात. १७७१ मध्ये तिथली सरासरी धारणा चाळीस एकर होती, ती १९१४-१५ पर्यंत सात एकरांवर आली, असा त्यांचा हिशेब. आता ती चौरस फुटांत मोजतात.

कालव्यांच्या मातीचं पुढचं काम पाडेगावला झालं. तिथे १९३२ मध्ये ऊस संशोधन केंद्र निघालं आणि जे. के. बसू व सहकाऱ्यांनी नीरा आणि प्रवरा कालव्यांखालच्या जमिनींची खोल खड्डे घेऊन, थराथराने पाहणी केली. वींगेटने एक खड्डा खणून खोली मोजली होती, बसूंनी खड्ड्याच्या भिंतीवरचा प्रत्येक थर वाचला. माझ्या मते महाराष्ट्रातल्या मृदाशास्त्राचा हा सर्वांत प्रामाणिक काळ, कारण प्रश्न ठोस होता: या जमिनीला पाणी द्यावं की देऊ नये?

स्वातंत्र्यानंतर प्रश्न बदलला. आता विचारायचं होतं की खत किती द्यावं. स्कॉटलंडच्या स्ट्युअर्ट यांचा हिंदुस्थानातल्या जमिनींच्या सुपीकतेवरचा अहवाल १९४७ चा. १९५५-५६ मध्ये अमेरिकेशी झालेल्या कराराखाली देशात माती परीक्षण प्रयोगशाळा सुरू झाल्या. पद्धती ठरल्या. सेंद्रिय कर्बासाठी वॉकली आणि ब्लॅक यांची १९३४ ची. स्फुरदासाठी ओल्सेनची १९५४ ची, जी चुनखडीच्या जमिनीसाठीच बनवलेली असल्यामुळे आपल्याला चपखल बसते. नत्रासाठी सुब्बय्या आणि असिजा यांची १९५६ ची, पोटॅशियम परमँगनेटवाली. आज जमीन आरोग्य पत्रिकेवर येणारे आकडे मुख्यतः याच पद्धतींचे वंशज आहेत.

आणि इथे माझ्यातला प्रोग्रामर जागा होतो. अहवालात नत्र हेक्टरी २८० किलोपेक्षा कमी म्हणजे 'कमी', २८० ते ५६० 'मध्यम'. पालाश २८० च्या वर 'जास्त'. हे २८० काय आहे? कोणी निसर्गात असा आकडा ठेवत नाही. २८० ला १.१२ ने भागा, २५० येतात. ५६० ला भागा, ५००. म्हणजे एकरी अडीचशे पौंड आणि एकरी पाचशे पौंड. गोल आकडे पौंडांत ठरलेले दिसतात, मेट्रिक पद्धत आल्यावर त्यांचं भाषांतर झालं आणि ते अचानक शास्त्रीय दिसू लागले.

दुसरा आकडा २.२४. प्रयोगशाळेत उत्तर मिळतं ते दशलक्ष भागांत किती भाग असं. त्याला २.२४ ने गुणलं की हेक्टरी किलो. का? तर एक एकर जमिनीचा नांगरटीचा थर वीस लाख पौंड वजनाचा असतो, हे अमेरिकन शेतीशास्त्रातलं जुनं गृहीतक. तेच हेक्टर आणि किलोत मांडलं की २२.४ लाख किलो. पंधरा सेंटिमीटर खोल, घन मीटरला साधारण दीड हजार किलो, अखंड मातीचा थर. आता वावीकडचं एखादं बरड रान घ्या. प्रयोगशाळेत माती दोन मिलिमीटरच्या चाळणीतून चाळतात, वर राहिलेले खडे फेकून देतात, चाळलेल्या मातीत नत्र मोजतात, आणि उत्तर काढताना मात्र सगळी जमीन चाळलेल्या मातीची आहे असं धरतात. थरात तिसरा हिस्सा खडे असतील तर अहवालातला आकडा तेवढ्याने फुगलेला असतो. वींगेटच्या कारकुनाने तिथे दगडांची खूण करून जमीन एक वर्ग खाली आणली असती.

राजस्थानात सुरतगढला १९ फेब्रुवारी २०१५ रोजी सुरू झालेल्या जमीन आरोग्य पत्रिका योजनेत बारा गोष्टी तपासतात. सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक आणि जस्त, लोह, तांबं, मँगनीज, बोरॉन. बागायतीत अडीच हेक्टरला आणि जिरायतीत दहा हेक्टरला एक नमुना. खोली या बारांत नाही. योजना वाईट आहे असं मी म्हणत नाही, दहा हेक्टरला एक तर एक. पण सिन्नरसारख्या तालुक्यात दहा हेक्टरांत काळी, बरड आणि नाल्याकाठचा पोयटा असे तीन शेजारी सहज नांदतात.

नत्राचं आणखी एक. काळ्या जमिनीत, आपल्या उन्हात सेंद्रिय पदार्थ टिकत नाही, त्यामुळे परमँगनेट पद्धतीने नत्र बहुतेक वेळा 'कमी'च येतं. पालाश बहुतेक वेळा 'जास्त' येतो, बेसाल्टची कृपा. म्हणजे अहवाल उघडण्याआधीच निम्मा निकाल माहीत असतो: युरिया टाका. त्यात १ एप्रिल २०१० पासून अन्नद्रव्यावर आधारित अनुदानाची योजना आली ती युरियाला वगळून, त्यामुळे स्फुरद-पालाशाच्या किमती हलल्या आणि युरिया स्वस्तच राहिला. चाचणीचा निकाल आणि दुकानातला भाव एकाच दिशेला बोट दाखवत असतील तर शेतकऱ्याने तिसरीकडे का बघावं? याला चांगलं उत्तर राहुरीसारख्या विद्यापीठांत चाललेल्या कामात आहे. रामामूर्ती यांनी १९६७ मध्ये मांडलेल्या पद्धतीनुसार आधी अपेक्षित उत्पादन ठरवायचं आणि मातीत आहे ते वजा करून खत काढायचं. सरळ रेषेचं समीकरण, पण प्रत्येक पिकाला आणि माती-प्रकाराला वेगळे गुणांक. प्रिंगलचीच वजाबाकी, पण या वेळी शेतात प्रयोग करून.

हे सगळं बंगल्यापुढच्या हिरवळीपर्यंत कसं पोचतं? सिन्नरच्या नव्या वसाहतींत हल्ली प्रत्येकाला लॉन हवं असतं. पाण्याच्या दृष्टीने मला ते पटत नाही, पण ते राहू द्या. माळी येतो, काळी माती 'चिकट' म्हणून नापसंत करतो, आणि पश्चिमेकडची लाल माती ट्रकने आणून वर पाच-सहा इंच पसरतो. मग कोणीतरी हौसेने माती तपासायला देतो. पंधरा सेंटिमीटरचा नमुना म्हणजे नेमकी ट्रकमधून आलेली माती. खालच्या चिकणमातीत पाणी मुरत नाही, दोन थरांच्या मध्ये ते तुंबतं, गवत पिवळं पडतं, आणि अहवाल मात्र नत्र कमी एवढंच सांगतो. दोन थरांचे दोन नमुने काढले पाहिजेत, आणि त्याआधी एक हातभर खड्डा.

त्यात इंटरनेटवर हिरवळीबद्दल जे वाचायला मिळतं ते बहुतेक इंग्लंड-अमेरिकेतल्या पावसाळी, आम्लधर्मी जमिनींसाठी असतं. तिथला पहिला सल्ला असतो चुना टाका. आपल्या काळीचा सामू आठच्या आसपास, तिच्यात चुना आधीच उदंड. थेंबभर सौम्य आम्ल टाकलं तर माती फसफसते. अशा जमिनीत पाती पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर दोष लोहाचा असण्याचा संभव जास्त, आणि त्याला अर्धा टक्का हिराकसाची फवारणी पुरते. १९:१९:१९ ची पुडी टाकून पालाश वाढवण्यात पैसे जातात. हेक्टरी किलोचं घरच्या जागेसाठी गणित सोपं आहे: एक हेक्टर म्हणजे जवळजवळ शंभर गुंठे, तेव्हा आकड्याला शंभराने भागलं की गुंठ्याचे किलो. हे नत्राचे किलो, युरियाचे नव्हेत. युरियात नत्र ४६ टक्के. आणि एका वेळी सगळं नाही, चार हप्त्यांत, ओलीवर.

आणि गवत कोणतं लावतात? जगभरच्या गोल्फ मैदानांवर ज्याला बर्म्युडा म्हणतात ते गवत म्हणजे आपली हरळी. काळ्या रानात हरळी माजली की शेतकऱ्याची कंबर मोडते. मुळं हातहातभर खोल, तुकडा राहिला तरी पुन्हा फुटते. गणपतीला तीच दूर्वा म्हणून वाहायची, शेतातून तीच खणून काढायची आणि बंगल्यापुढे तीच पैसे देऊन लावायची. जिला कोणी कधी खत दिलं नाही आणि तरी जी मेली नाही, तिच्यासाठी माती परीक्षण करायचं, यातला विनोद एखाद्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला जास्त कळेल.

आता पांढरी. १९२० च्या दशकाच्या अखेरीस स्वीडनमध्ये ओलोफ अऱ्हेनियस हा मृदाशास्त्रज्ञ शर्कराकंदाच्या शेतीसाठी मातीतल्या फॉस्फेटचे नकाशे करत होता. काही ठिकाणी फॉस्फेट अकारण जास्त निघे. शोध घेतल्यावर लक्षात आलं की तिथे पूर्वी वस्ती होती. माणसं, जनावरं, हाडं, राख, उकिरडे यांतलं स्फुरद मातीत घट्ट बसतं आणि शतकानुशतकं हलत नाही. तेव्हापासून पुरातत्त्वात ही चाचणी जुन्या वस्त्या हुडकायला वापरतात. आपल्याकडे शेतकऱ्यांना हे प्रयोगशाळेशिवाय ठाऊक होतं: गोदावरी-प्रवरेच्या काठच्या ओसाड पांढरीच्या टेकाडांची माती खणून ते खत म्हणून शेतात नेत आले आहेत, आणि त्या टेकाडांत जुनी गावं शोधणाऱ्या पुरातत्त्वज्ञांचा जीव त्यामुळे वरखाली होत आला आहे.

सिन्नर हे यादवांचं सेउणपूर. गोंदेश्वराचं देऊळ बाहेर उभं आहे, पण गाव त्याच्याही आधीपासूनचं असावं. जुन्या गावठाणात वाडा पाडून कोणी घर बांधलं, पुढे चार पावलांची हिरवळ केली आणि माती तपासून आणली, तर स्फुरदाच्या रकान्यात 'अत्यंत जास्त' येण्याची शक्यता पुष्कळ आहे. अशा जागी डीएपी टाकू नये. तिथे स्फुरद आधीच टाकून झालेलं आहे, चुलीतून आणि गोठ्यातून.